पर्यावरणाची जबाबदारी कोणी किती उचलायची? श्रीमंत आणि विकसनशील देशांतील वादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाद नेमका कशावरून आहे?

पर्यावरण जपायला हवे की नको, हा वादाचा मुद्दा फारसा उरलेला नाही. वाद आहे तो वाटणीचा. वातावरणात आणखी किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल याला मर्यादा आहे आणि त्या मर्यादेचा बहुतेक भाग आधीच वापरून झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अंदाजानुसार १८५० ते २०१९ या काळात माणसाने सुमारे २,४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसवर रोखण्याची किमान निम्मी शक्यता टिकवायची, तर २०२० च्या आरंभी आणखी ५०० अब्ज टनांचीच मुभा शिल्लक होती, आणि जग त्यातले दर वर्षी सुमारे ४० अब्ज टन संपवत आहे. उरलेली मुभा कोणी वापरायची, आधी कोणी थांबायचे, थांबण्याचा खर्च कोणी सोसायचा आणि जे नुकसान आता टळणारच नाही ते कोणी भरून द्यायचे, याच प्रश्नांपाशी वाटाघाटी वर्षानुवर्षे अडतात.

हा वाद केव्हापासूनचा आहे?

किमान १९७२ पासूनचा. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज तेथे स्वतः उपस्थित राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख म्हणजे इंदिरा गांधी. गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत काय, हा त्यांनी विचारलेला प्रश्न तेव्हापासून सतत उद्धृत केला जातो. ‘आधी विकास, पर्यावरणाचे नंतर पाहू’ असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो, तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. पर्यावरण आणखी दरिद्री करण्याची आमची इच्छा नाही, परंतु असंख्य लोकांचे दारिद्र्यही क्षणभर विसरता येत नाही, अशी त्या भाषणाची भूमिका होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या, तर त्यासाठी लागणारा पैसा आणि तंत्रज्ञान कोठून येणार, हा प्रश्न तेव्हाच मांडला गेला होता.

जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे तत्त्व कोठून आले?

१९९२ च्या रिओ दी जानेरो येथील वसुंधरा परिषदेतून. रिओ जाहीरनाम्याच्या सातव्या तत्त्वात ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ असा उल्लेख आहे आणि विकसित देशांनी पर्यावरणावर टाकलेला भार व त्यांच्या हाती असलेला पैसा आणि तंत्रज्ञान लक्षात घेता त्यांची जबाबदारी विशेष आहे, असे त्यात मान्य केले आहे. त्याच परिषदेत सह्यांसाठी खुल्या झालेल्या हवामानविषयक आराखडा करारात या तत्त्वाला ‘आपापल्या क्षमतेनुसार’ ही जोड मिळाली. या कराराने देशांच्या याद्या केल्या. औद्योगिक देश एका परिशिष्टात आले आणि त्यांपैकी जे तेव्हा संपन्न होते त्यांची वेगळी यादी झाली, कारण पैसे देण्याचे बंधन त्यांच्यावर होते. बाकी सारे देश विकसनशील मानले गेले.

याच करारातील एक कलम आजही विकसनशील देशांच्या युक्तिवादाचा कणा आहे. विकसनशील देश आपली बांधिलकी किती पाळू शकतील, हे विकसित देश पैसा व तंत्रज्ञान देण्याची आपली बांधिलकी किती पाळतात यावर अवलंबून राहील, असे ते कलम सांगते. दुसऱ्या बाजूला, रिओच्या सातव्या तत्त्वातून आपल्यावर कोणतेही कायदेशीर दायित्व येते असा अर्थ आपण स्वीकारत नाही, असे निवेदन अमेरिकेने तेव्हाच नोंदवून ठेवले. म्हणजे ज्या मजकुरावर सर्वांचे एकमत झाले, त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी पहिल्या दिवसापासून निरनिराळा लावला होता.

आजोबा-पणजोबांच्या काळातील धुरासाठी आजच्या पिढीने का भरायचे? त्यांना परिणाम ठाऊकच नव्हते.

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट विज्ञानाची. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, पण कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके टिकतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात जाळलेल्या कोळशाचा परिणाम इतिहासजमा झालेला नाही, तो आजही तापमान वाढवत आहे. दुसरी गोष्ट लाभाची. ज्यांनी कोळसा जाळला ते आज नाहीत हे खरे, पण त्यातून उभे राहिलेले रेल्वेमार्ग, कारखाने, विद्यापीठे आणि भांडवल वारशाने पुढच्या पिढ्यांकडे आले आहे. संपत्ती वारशाने घ्यायची आणि तिच्यासोबतचा बोजा नाकारायचा, हे न्यायाला धरून नाही.

तिसरी गोष्ट अज्ञानाची, आणि इथे हा आक्षेप सर्वांत लंगडा पडतो. आयपीसीसीची स्थापना १९८८ मध्ये झाली, तिचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला आणि १९९२ मध्ये सरकारांनी करारावर सह्या केल्या. औद्योगिक क्रांतीपासून जीवाश्म इंधनांतून जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, त्याचा निम्म्याहून अधिक भाग १९९० नंतरचा आहे. म्हणजे धोक्याची पूर्ण कल्पना आल्यानंतरचा. ‘आम्हांला माहीत नव्हते’ हे उत्तर फार तर पहिल्या निम्म्या भागाला लागू पडते. अर्थात नंतरच्या निम्म्या भागात चीन आणि इतर उदयोन्मुख देशांचा वाटाही मोठा आहे. त्याकडे पुढे येऊ.

देशाचे एकूण उत्सर्जन पाहावे की दरडोई?

आकडा कोणता निवडला यावर आरोपी ठरतो, म्हणून या प्रश्नावर एवढी चकमक होते. वर्षाचे एकूण उत्सर्जन पाहिले, तर चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा. दरडोई पाहिले, तर अमेरिकेतील माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड येतो, चीनमध्ये ८ ते ९ टन, जगाची सरासरी पाच टनांच्या किंचित खाली आणि भारतात सुमारे दोन टन. आजवरची बेरीज केली, तर जीवाश्म इंधनांतून आलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारतात जगातील सहापैकी एकाहून अधिक माणूस राहतो, पण त्या बेरजेत भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासही जेमतेम पोहोचतो.

दरडोई हिशेबाची बाजू ठामपणे मांडणाऱ्यांत अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण या भारतीय पर्यावरण अभ्यासकांचे नाव अग्रभागी आहे. विकसनशील देशांना मोठे दोषी ठरवणारी आकडेवारी अमेरिकेतील एका संशोधन संस्थेने मांडल्यावर, १९९१ मध्ये दोघांनी तिच्या पद्धतीवरच बोट ठेवले. गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा धूर एकाच तराजूत कसा तोलता येईल, असा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन असा भेद त्यांनी केला. आकाशावर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे, ही त्यामागची भूमिका आहे, आणि तिच्याहून अधिक न्याय्य पाया आजवर कोणी सुचवलेला आहे असे मला वाटत नाही.

आणखी एक बाब इथे सांगितली पाहिजे. उत्सर्जन मोजले जाते ते वस्तू जिथे तयार होते त्या देशाच्या नावावर. पोलाद, सिमेंट, कापड आणि विजेची उपकरणे बनवणारे कारखाने आशियात गेले, त्यांचा माल मात्र युरोप-अमेरिकेत वापरला जातो. वापरणाऱ्याच्या नावावर उत्सर्जन लिहिले, तर बहुतेक श्रीमंत देशांचा आकडा वाढतो आणि चीन-भारताचा कमी होतो. फरक प्रचंड नाही, पण श्रीमंत देशांनी दाखवलेली घट पूर्णपणे त्यांच्या सुधारणेतून आलेली नाही, हे त्यातून दिसते.

चीन सर्वाधिक प्रदूषण करतो, तरी तो ‘विकसनशील’ कसा?

कारण यादी १९९२ ची आहे. जगाच्या वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी तीस टक्क्यांहून अधिक उत्सर्जन आज एकट्या चीनचे आहे, त्याचे दरडोई उत्सर्जन युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे आणि आजवरच्या बेरजेतही तो युरोपीय संघाच्या पंक्तीला येऊन पोहोचला आहे. यादीतील विसंगती चीनपुरती नाही. सिंगापूर, दक्षिण कोरिया, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती हे देशही या करारात पैसे देण्याचे बंधन असलेल्या यादीबाहेर आहेत, आणि त्यांतील काहींचे दरडोई उत्सर्जन अमेरिकेहून अधिक आहे.

श्रीमंत देश ही विसंगती दाखवतात तेव्हा त्यांचे म्हणणे खोटे नसते. माझ्या मते इतिहास आणि दरडोई वाटा हेच जबाबदारीचे योग्य निकष आहेत, आणि नेमक्या याच कारणासाठी हे निकष ज्या देशांना आता लागू होतात त्यांनाही ते लावले पाहिजेत. मात्र ‘चीन देत नाही, तोवर आम्हीही देणार नाही’ हे त्यातून निघत नाही. चीनकडे बोट दाखवल्याने अमेरिकेची बेरीज कमी होत नाही, आणि मालावी किंवा नेपाळ यांना चीनच्या रांगेत उभे करता येत नाही.

क्योटो करार का फसला?

१९९७ च्या क्योटो कराराने औद्योगिक देशांवरच उत्सर्जन कमी करण्याचे बंधन घातले. २००८ ते २०१२ या काळात १९९० च्या तुलनेत सरासरी पाच टक्के कपात, एवढेच उद्दिष्ट होते. पण करार होण्याच्या काही महिने आधीच अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की, विकसनशील देशांवर त्याच काळासाठी बंधने नसतील तर अमेरिकेने असा करार स्वीकारू नये. २००१ मध्ये अमेरिकेने करारातून अंग काढून घेतले, २०११ मध्ये कॅनडाने बाहेर पडण्याची घोषणा केली. पुढाकार घेण्याचे वचन ज्यांनी दिले होते त्यांतील सर्वांत मोठाच मागे हटला. विकसनशील देशांच्या मनात आजही जो अविश्वास आहे त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

मग पॅरिस कराराने काय बदलले?

२०१५ च्या पॅरिस कराराने दोन याद्यांमधील भिंत बरीच खाली आणली. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतः ठरवायचे, दर पाच वर्षांनी ते वाढवायचे आणि त्याचा हिशेब जगापुढे ठेवायचा, अशी त्याची रचना आहे. कराराचे यश म्हणजे जवळपास सगळे देश त्यात आले. त्याची किंमत अशी की, कोणाचे उद्दिष्ट त्याच्या न्याय्य वाट्याएवढे आहे की नाही हे ठरवणारे कोणीच उरले नाही. अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. बाहेर पडल्याबद्दल करारात कोणताही दंड नाही.

श्रीमंत देशांनी कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर दिले का?

उशिरा, आणि कशाला ‘दिले’ म्हणायचे यावर उत्तर अवलंबून आहे. २००९ मध्ये कोपनहेगन येथील हवामान परिषदेत असे ठरले की, २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करायचे. श्रीमंत देशांचीच संघटना असलेल्या ओईसीडीच्या मोजणीनुसार २०२० मध्ये ८३.३ अब्ज जमले, २०२१ मध्ये ८९.६ अब्ज आणि २०२२ मध्ये प्रथमच मर्यादा ओलांडून ११५.९ अब्ज. म्हणजे दोन वर्षांचा उशीर.

उशिरापेक्षा गंभीर बाब या रकमेच्या स्वरूपाची आहे. २०२२ मध्ये सरकारे आणि बहुराष्ट्रीय विकास बँकांमार्फत आलेल्या सार्वजनिक निधीपैकी दोन तृतीयांशांहून अधिक भाग कर्जाचा होता आणि अनुदान तीस टक्क्यांहूनही कमी. कर्जाची सबंध रक्कम या मोजणीत धरली जाते, त्याची परतफेड आणि व्याज मात्र वजा केले जात नाही. शेजाऱ्याच्या चुलीतील ठिणगीने ज्याचे छप्पर जळाले, त्याला त्याच शेजाऱ्याने नवे छप्पर घालायला व्याजाने पैसे द्यावेत आणि वर ते मदत म्हणून वहीत लिहावेत, असा हा व्यवहार आहे. शिवाय त्यातील मोठा भाग उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पांना जातो, कारण सौर वा पवन ऊर्जेच्या प्रकल्पातून कर्ज फेडता येते. समुद्राची भिंत, दुष्काळात टिकणारे बियाणे किंवा वादळाची पूर्वसूचना यांतून महसूल मिळत नाही, म्हणून सर्वांत गरीब देशांना ज्याची सर्वाधिक निकड आहे त्या अनुकूलनाच्या कामांना कमी पैसा मिळतो.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कोळशावर चालणारी वीजव्यवस्था बदलण्यासाठी २०२१ मध्ये ग्लासगो येथे त्या देशाला ८.५ अब्ज डॉलरचे आश्वासन ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका आणि युरोपीय संघाने दिले. मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्ष तपशील आला तेव्हा त्यात अनुदानाचा भाग अगदी थोडा आणि उरलेली बहुतेक रक्कम कर्जे व हमी यांची होती. जिथे खाणी बंद झाल्यावर कामगारांचे काय, हाच मुख्य प्रश्न आहे, तिथे कर्जाने फारसे भागत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने या योजनेतून अंग काढून घेतले.

व्याजदराचा मुद्दा स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे. त्याच सौरप्रकल्पासाठी श्रीमंत देशातील कंपनीला जे कर्ज स्वस्तात मिळते ते आफ्रिकेतील देशाला कित्येक पट महाग पडते. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मोटली यांनी २०२२ पासून ब्रिजटाउन उपक्रमाच्या नावाने जी मोहीम चालवली आहे ती हेच बदलण्यासाठी आहे. आपत्ती आल्यास कर्जाचे हप्ते आपोआप थांबावेत, अशीही तिची एक मागणी आहे.

बाकूमध्ये ठरलेले ३०० अब्ज डॉलर पुरेसे नाहीत का?

विकसनशील देशांची मागणी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट मान्य झाले, आणि १.३ लाख कोटींचा आकडा सर्व मार्गांनी गाठायचा पल्ला म्हणून मजकुरात राहिला. निर्णय घाईने मंजूर करून टाकल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभागृहात त्याला हरकत घेतली. महागाई आणि २०३५ ची मुदत लक्षात घेतली, तर जुन्या १०० अब्जांच्या तुलनेत ही वाढ वाटते तितकी मोठी नाही.

‘हानी आणि नुकसान’ म्हणजे काय? ही भरपाईच आहे ना?

उत्सर्जन घटवूनही जे टळत नाही आणि तयारी करूनही जे सोसावे लागते, त्याला वाटाघाटींत हानी आणि नुकसान म्हणतात. समुद्राखाली जाणारी जमीन, खारी झालेली विहीर आणि कायमचे सोडावे लागलेले गाव ही त्याची रूपे आहेत. लहान द्वीपदेशांच्या वतीने वानुआतूने १९९१ मध्येच अशी सूचना केली होती की, समुद्राची पातळी वाढून होणाऱ्या नुकसानीसाठी औद्योगिक देशांच्या वर्गणीतून विमा उभारावा. तो प्रस्ताव बाजूला पडला. निधी स्थापण्याचा निर्णय व्हायला २०२२ साल उजाडले.

त्या वर्षी पाकिस्तानात आलेल्या पुराने ३ कोटी ३० लाख लोकांना झळ पोहोचली, १,७०० हून अधिक माणसे मेली आणि एकूण आर्थिक फटका ३० अब्ज डॉलरच्या वर गेला. जगाच्या उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत त्याला नऊ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने मिळाली, तीही बहुतांश कर्जाच्या रूपाने. पुरात बुडालेला देश आधीच परकीय कर्जाखाली दबलेला होता.

दुबई येथे २०२३ मध्ये नवा निधी कार्यान्वित झाला तेव्हा सुरुवातीची आश्वासने सुमारे ७० कोटी डॉलरची होती. अमेरिकेने १ कोटी ७५ लाख डॉलर कबूल केले. जर्मनीने आणि विकसनशील यादीतील संयुक्त अरब अमिरातीने प्रत्येकी १० कोटी. ‘भरपाई’ हा शब्द श्रीमंत देशांनी कटाक्षाने बाहेर ठेवला आहे. पॅरिस करारासोबतच्या निर्णयात तर स्पष्ट लिहिले आहे की, हानी आणि नुकसानीविषयीच्या कलमावरून दायित्वाचा वा भरपाईचा दावा करता येणार नाही. दायित्व एकदा मान्य केले की त्याला अंत नाही, ही भीती त्यामागे आहे. भीती समजण्यासारखी आहे, पण ज्यांची भूमीच जाणार आहे त्यांची भीती तिच्याहून मोठी आहे.

विकसनशील देशांचे आपसांत एकमत असते का?

नसते. जी-७७ या विकसनशील देशांच्या गटात आज सव्वाशेहून अधिक देश आहेत आणि त्यांत तेल विकणारा सौदी अरेबिया आहे तसा समुद्राखाली जाऊ घातलेला द्वीपदेशही आहे. २००९ मध्ये कोपनहेगनला तुवालू या छोट्या द्वीपदेशाने अधिक कडक आणि कायदेशीर बंधन असलेला करार मागितला, त्यात मोठ्या विकसनशील देशांनाही आवळण्याची तरतूद होती. चीन आणि भारत यांनी त्याला विरोध केला. पुढे दीड अंशाचे उद्दिष्ट पॅरिस करारात आले ते मुख्यतः या छोट्या देशांच्या चिकाटीमुळे.

गरिबांच्या नावाने विकसनशील देशांतील श्रीमंत स्वतःला वाचवतात, हे खरे आहे का?

होय, बऱ्याच अंशी. जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारणीभूत आहेत आणि हे लोक फक्त युरोप-अमेरिकेत राहत नाहीत. देशाची कमी सरासरी ही कोट्यवधी गरिबांच्या अल्प वापरातून येते, आणि तिच्या आडोशाने महानगरांतील धनिक वर्ग युरोपीय माणसाइतके, कधी त्याहून अधिक उत्सर्जन करू शकतो. जो देश जगाकडे न्याय मागतो त्याने तोच न्याय आपल्या सीमेच्या आत लावला पाहिजे. जंगल तोडून काढलेल्या खाणीचे समर्थन करताना इंग्लंडने दोनशे वर्षांपूर्वी काय केले हे सांगणे, ही त्या जंगलातून उठवलेल्या माणसांची फसवणूक आहे.

हा वाद फक्त हवामानापुरता आहे का?

नाही. कचऱ्याच्या प्रश्नात तो अधिक उघडपणे दिसतो. १९८६ मध्ये ‘खियान सी’ नावाचे जहाज अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्टीची सुमारे १४,००० टन राख घेऊन निघाले. एकामागून एक बंदरांनी ती नाकारली. जानेवारी १९८८ मध्ये हैतीच्या गोनाईव्ह येथील किनाऱ्यावर खत असल्याचे सांगून त्यातील सुमारे ४,००० टन राख ओतण्यात आली, आणि ती काय आहे हे हैतीच्या सरकारला कळेपर्यंत जहाज निघून गेले. त्यानंतर त्याने नावे बदलली आणि उरलेली राख समुद्रात टाकली. हैतीच्या किनाऱ्यावरची राख अमेरिकेत परत जायला २००० साल उजाडले.

अशा घटनांमुळे १९८९ चा बाझल करार झाला. धोकादायक कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यापूर्वी त्या देशाची लेखी संमती त्याने आवश्यक केली. श्रीमंत देशांतून विकसनशील देशांत असा कचरा पाठवण्यावर संपूर्ण बंदी घालणारी दुरुस्ती १९९५ मध्ये मंजूर झाली, पण लागू व्हायला २०१९ उजाडले. अमेरिकेने या करारावर सही केली, त्याला अनुमोदन मात्र आजवर दिलेले नाही.

जंगल राखण्यासाठी जगाने पैसे द्यावेत, असा प्रयोग झाला आहे का?

इक्वेडोरने २००७ मध्ये तो करून पाहिला. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील यासुनी राष्ट्रीय उद्यानाखाली कोट्यवधी पिंप तेल आहे. राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी जगापुढे प्रस्ताव ठेवला की, आम्ही हे तेल जमिनीतच ठेवतो, त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या निम्मे, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर, जगाने द्यावेत. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निधीही उभा राहिला. २०१३ पर्यंत प्रत्यक्षात हाती आले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोरेआ यांनी योजना गुंडाळली. पुढे तेल काढणे सुरूही झाले. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये इक्वेडोरच्या नागरिकांनीच सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतांनी हे उत्खनन थांबवण्याचा कौल दिला. जगाने जे मोल द्यायचे नाकारले ते एका मध्यम उत्पन्नाच्या देशाच्या मतदारांनी स्वतःच्या खिशातून द्यायचे ठरवले.

सीमेवर आकारला जाणारा कार्बन कर विकसनशील देशांना का खटकतो?

युरोपीय संघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्या आयातीवर कार्बनची किंमत लावण्याची व्यवस्था केली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, जानेवारी २०२६ पासून तिचा आर्थिक भाग लागू आहे. युरोपचे म्हणणे असे की, आपल्या कारखान्यांना कार्बनसाठी पैसे मोजावे लागतात, म्हणून आयात मालालाही तेच असावे. भारत, चीन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांचा आक्षेप असा की, यातून भिन्न जबाबदारीचे तत्त्व मागच्या दाराने पुसले जाते आणि जमा झालेला महसूल युरोपच्या तिजोरीत जातो. अतिगरीब देशांनाही सरसकट सूट नाही. हा महसूल निर्यातदार देशांतील कारखाने सुधारण्यासाठी परत दिला असता, तर आक्षेपाची धार बरीच कमी झाली असती.

दोन्ही बाजूंनी मिळून काही साध्य केल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही. ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारात विकसनशील देशांना दहा वर्षांची अधिक मुदत दिली गेली. तरीही अनेक मोठे देश बाहेर राहिले, कारण पर्यायी रसायने महाग होती आणि त्यांचे तंत्रज्ञान मोजक्या कंपन्यांच्या हाती होते. १९९० मध्ये लंडन येथे वाढीव खर्च भरून देणारा स्वतंत्र निधी स्थापन झाला, त्याच्या कारभारात विकसित आणि विकसनशील देशांना समान जागा मिळाल्या, आणि मग चीन व भारत करारात आले. आज जगातील सर्व देश त्यात आहेत. २०१० पर्यंत विकसनशील देशांनीही क्लोरोफ्लुरोकार्बन या ओझोनला घातक रसायनांचे उत्पादन जवळजवळ पूर्ण थांबवले. सध्याची धोरणे टिकली, तर बहुतेक जगावरचा ओझोन थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. रसायने बनवणारे उद्योग थोडे होते, जीवाश्म इंधने मात्र साऱ्या अर्थव्यवस्थेत मुरलेली आहेत, हा फरक मान्यच केला पाहिजे. तरी वेळ आधी, पैसा खात्रीचा आणि बंधन सर्वांवर, हा तिथला क्रम हवामानाच्या वाटाघाटींत कधीच नीट पाळला गेला नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याबाबत काय म्हटले आहे?

वानुआतूत शिकणाऱ्या पॅसिफिक बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ही मागणी सुरू केली, वानुआतूच्या सरकारने ती उचलून धरली आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचा सल्ला मागितला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सल्ला दिला. हवामान जपण्याचे देशांवरील कर्तव्य कायदेशीर आहे, उद्दिष्ट ठरवताना देशांना मनमानी करता येत नाही, आणि कर्तव्यभंग झाला व त्याचा नुकसानीशी पुरेसा थेट संबंध सिद्ध झाला, तर भरपाईही द्यावी लागू शकते, असे त्यात म्हटले आहे. भिन्न जबाबदारीचे तत्त्व न्यायालयाने कायम ठेवले, पण एखादा देश विकसित की विकसनशील हे कायमचे ठरलेले नसते, असेही सांगितले. म्हणजे दोन्ही बाजूंचा एकेक महत्त्वाचा मुद्दा मान्य झाला.

हा सल्ला बंधनकारक नाही. एखाद्या देशाने दुसऱ्यावर तिथे दावा लावायचा, तर दोघांनीही न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मानलेले असावे लागते. अमेरिकेने अशी सर्वसाधारण मान्यता १९८० च्या दशकात काढून घेतली आणि चीनने ती दिलेलीच नाही. त्यामुळे या सल्ल्याचा आधार सध्या अधिक घेतला जाईल तो देशोदेशींच्या न्यायालयांत, जिथे नागरिक स्वतःच्याच सरकारला जाब विचारू शकतात.